टोपीतल्या पाण्याविषयी लिआंद्रो मामांस सविस्तर

ताकीले बेट,
शुक्रवार, सकाळ

तीर्थरूप लिआंद्रो मामांस,

आपल्या दोघांमध्ये बोटीने तीन तासांचे सरोवर असल्यामुळे इथूनच वाकून केलेला नमस्कार पुनोच्या धक्क्यापर्यंत पोचतो, असे गृहीत धरते. आपले गुडघे थंडीत काय म्हणतात? मामींनी मुन्याच्या पाल्याचा काढा घेतला, की नेहमीप्रमाणे कुंडीत ओतला? इकडे सर्व कुशल आहे. बटाटे बरे आले, छप्पर शाकारून झाले आणि बुधवारी माझे लग्न ठरले. (हा क्रम महत्त्वानुसार नाही, आईने लिहायला सांगितला तसा आहे.)

बोटवाल्यांकडून ही हकीकत आपल्यापर्यंत निराळ्या स्वरूपात पोचली असणार. त्यांच्या आवृत्तीत एक परदेशी माणूस बुडतो. कोणीही बुडालेले नाही, म्हणून वस्तुस्थिती नमूद करते. एलेउतेरिओ युक्राने मला मागणी घातली आहे आणि येत्या रविवारी बाबा चौकात त्याने विणलेल्या टोपीत पाणी ओतणार होते, हे आपणांस ठाऊक आहे. पाणी टिकले तर जावई. गेल्या वर्षी ते गळले होते. (बाबांच्या वहाणा भिजल्या आणि बाबांनी ते मनावर घेतले.) यंदाही गळले तर तिसरी संधी नाही, असे बाबांनी सर्वांसमक्ष सांगून ठेवले होते. या विषयावर माझे काहीही मत नाही, हे आरंभीच स्पष्ट करते.

बुधवारी पाहुणा ठेवून घेण्याची पाळी आपल्या घराची होती. आमच्या वाट्याला योस्ट नावाचा हॉलंडचा तरुण आला. उंचीने तो आमच्या दारापेक्षा मोठा आहे. (हे दाराने त्याला तीन वेळा सांगितले.) त्याचा देश समुद्रसपाटीच्याही खाली आहे म्हणे, तिथून तो थेट आपल्या इतक्या उंचावरच्या सरोवरावर आला होता आणि सूर्यबेट व अमांतानी ही दोन बेटे पायी पालथी घालून आता आमचे बेट घालणार होता. त्याच्या सॅकमध्ये तंबू, चूल, दोर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि बँडेजपट्ट्या असा एका लहान खेड्याला पुरेल इतका संसार होता. बाबांनी रीतीप्रमाणे त्याच्या हातावर कोकाची पाने ठेवली, तर ती चघळण्याऐवजी त्याने जपून वहीत दाबून ठेवली. बाबा मला म्हणाले, "हा तुझ्याच जातीचा दिसतोय, सगळं वहीत ठेवणारा. जा, तूच दाखव ह्याला बेट." मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही, हे मी आईमार्फत कळवले. बाबा म्हणाले, "मग बोलू नकोस. चाल नुसती." परंतु मुलीला परक्याबरोबर एकटे कसे धाडायचे? म्हणून एलेउतेरिओला मागे पाठवण्यात आले. तो वीस पावलांचे अंतर राखून, आपल्याकडच्या सगळ्या पुरुषांप्रमाणे चालता चालता विणत होता. रविवारच्या टोपीचा आता फक्त शेंडा उरला होता.

वाटेत मला एक शोध लागला. माणसाकडे न पाहता डोंगराकडे पाहिले, तर बोलता येते. मी उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांकडे पाहून ती कोणी आणि कशी बांधली, सरोवर पूर्वी कुठवर पसरले होते, दगडी बांध रात्रीच्या गारठ्यातही पिकाला ऊब कशी देतात, हे सर्व सांगितले. ते चाळीस मिनिटे चालले. (योस्ट सबंध वेळ फोन आकाशाकडे धरून रेंज शोधत होता, माझा अनुभव असा, की न ऐकणारा श्रोता फार सोयीचा.) मागून येणारा सुयांचा आवाज मात्र मधूनमधून थांबत होता. मी वळून पाहिले नाही. तो का थांबतो, हे विचारण्याचे मला कारण नव्हते.

माथ्याच्या जरा खाली योस्टने छायाचित्रासाठी सॅक एका बांधावर टेकवली. सॅक आधी एका शेतात उतरली, तिथे क्षणभर विचारात पडली आणि मग एकेक बांध ओलांडत, वेग वाढवत सरोवरात गेली. "माझं पाणी!" योस्ट ओरडला. "माझा तंबू!" मग तो खाली बसला, मग आडवा झाला, आणि त्याचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसू लागला.

एलेउतेरिओ वीस पावले धावत आला. "ह्याला काय झालं?"

"उंची सोसत नाहीये. पाणी हवं."

"मेला तर तुमच्याच घरचा पाहुणा मेला म्हणतील." त्याने हातातल्या टोपीकडे पाहिले, उरलेले चार टाके घातले, गाठ मारली आणि सुया काढल्या. "झऱ्यावर जाऊन येतो."

"रविवार..." मी म्हणाले. (एवढाच शब्द.)

"आधी हा रविवारपर्यंत टिकतोय का ते बघ."

झरा दोनशे बारा पायऱ्या खाली आहे. दोन्ही हातांच्या ओंजळीत टोपी धरून, घरट्यातून पडलेले पिल्लू आणावे तसा तो वर आला. उंचीच्या त्रासावर उतारा म्हणून मी योस्टच्या तोंडात कोकाची पाने कोंबली होतीच. पाणी प्यायल्यावर त्याला रंग आला. मग कृतज्ञतेने त्याने एलेउतेरिओला मिठी मारली, ती ओली टोपी स्वतःच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली आणि काही केल्या काढेना.

तशाच अवस्थेत आम्ही चौकात उतरलो. तिथे टोप्यांच्या बाबतीत बेटावर ज्यांचा शब्द अखेरचा, ते तिबुर्सिओ काका विणत बसले होते. "अरे, ही तर युक्राच्या पोराची टोपी! आणि ओली? संपलं मग. लोकर फुगली, भोकं मिटली. आता हिच्यात सरोवर ओतलंत तरी थांबेल. रविवारी काय डोंबल परीक्षा घेणार?" बाबा, जे यंदा बेटाचे कारभारी आहेत, काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "म्हणजे खरी परीक्षा वरच होऊन गेली. पाहिली कोणी?" योस्टला विचारले, तर तो म्हणाला, पाणी फार छान होते. एलेउतेरिओने तोंड उघडले. तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले. "देल्फिना, शाळेत कधी खोटं बोललीस?"

"नाही."

"मग सांग. गळलं का पाणी?"

मामा, हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नसे. चौकात चाळीस माणसे होती. मी चर्चच्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "एक थेंबही नाही."

तिबुर्सिओ काकांनी सुया खाली ठेवल्या. "ही पोरगी जन्मात पहिल्यांदा चौकात बोलली. खरंच असणार." बाबांनी एलेउतेरिओच्या हातावर कोकाची पाने ठेवली, आणि असे ते ठरले. माझे मत विचारले असते तर मी दिले नसते; परंतु कोणी विचारले नाही. सॅक कोळ्यांनी काढून दिली. योस्ट काल गेला.

मामींना व सर्व लहानथोरांना यथायोग्य.

आपली आज्ञाधारक भाची,
देल्फिना वात्ता

ता. क. पाणी गळले होते. दगडी पायऱ्यांवर झऱ्यापासून वरपर्यंत ओली रेघ होती. योस्टला तीन घोट मिळाले. ते केवळ टोपीच्या शेंड्यातून गळले, म्हणजे ज्या ओळी त्याने माझ्यामागे चालताना विणल्या त्यांतून. काठाकडच्या ओळी निर्दोष होत्या.

ता. क. २. लग्नातली लाल टोपी नवऱ्याने नवी विणायची असते. "हौस म्हणून तिच्यातही ओतून बघू," असे बाबा काल जेवताना म्हणाले. आपण विणलेल्या टोपीतून वरातीला चिचा, म्हणजे मक्याची दारू, वाटली होती, असे आई सांगते. तरी उद्याच्या बोटीने एलेउतेरिओ लोकर घेण्याच्या निमित्ताने आपल्याकडे येईल, त्याला शिकवावे. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवावे आणि तो विणत असताना घरात कोणीही सरोवराचा इतिहास सांगू नये.

ता. क. ३. पाकीट चिकटवत असताना तो दारात आला. म्हणाला, "तुझे बाबा कुठेत? त्या पाण्याचं खरं काय ते सांगून टाकतो. मला झोप नाही." मी म्हणाले, बाबा घरात नाहीत. बाबा आत खोकले. मी म्हणाले, मेंढी आहे. तो उंबऱ्याकडे पाहत म्हणाला, "मेंढीला माझा नमस्कार सांग." उद्या तो नक्की येतो आहे. मामा, कृपया त्याला बोटीतून उतरताच विणायला बसवा. बुधवारपर्यंत मला खोटे बोलता येत नव्हते. आज मी अडखळलेसुद्धा नाही.