ती गोळी मी तोलली होती का?

शांतीचे बाबा,

तुमच्याशी इतकं सलग मी कधी बोलले नाही. आज लिहायला बसले, कारण नामदेव भाऊजींना बंदुकीचा परवाना मिळाला आणि तुमच्यामागे ठाण्यात जमा केलेली तुमची बंदूक घरी आली. दारात चपला काढायच्या आतच ते म्हणाले, "वयनी, हरभऱ्यात हरनं घुसून राह्यले. चार काडतुसं भरून द्या न मले."

मी आत येऊन चुलीपाशी बसले.

तुम्हीच शिकवलं ना मला हे? विकतची काडतुसं परवडत नव्हती, म्हणून उडवलेल्या पितळी नळ्या तुम्ही जपून घरी आणायचात. मी पळीत शिसं वितळवायची, साच्यात ओतायची. तराजूचा बारीक काटा तुम्हाला नीट दिसत नसे, म्हणून गोळ्या तोलायच्याही मीच. "साऱ्या एका वजनाच्या असल्या तरच एका जागी लागतात," म्हणायचात. आतून पोकळ राहिलेली गोळी हलकी भरायची. ती परत पळीत.

एकदा बांधावरच्या फळीवर तुम्ही तीन गोळ्या मारल्या. तिन्ही भोकं माझ्या एका तळहाताखाली झाकली गेली. किती हसलात! "साहेबाले बी असा माल भेटनार नाही!"

मग भादव्यातला तो दिवस. शांती तापाने फणफणलेली, माझ्या मांडीवर. चुलीवर शिसं. आणि तुमची घाई. "दोनच दे, पुरे." काऊन घाई केली हो? एक दिवस हरणांनी मूग खाल्ला असता, तर काय बिघडलं असतं?

पुढचं भाऊजींकडून कळलं. हरीण उभं होतं, अंतर नेहमीचंच. तरी गोळी मांडीत लागली. ते लंगडत नाल्यात उतरलं. भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या, दादा." तुम्ही ऐकलं नाही. "जखमी जनावर टाकून घरी जेवाले कसा बसू बे?" म्हणत झुडपात शिरलात, आणि तिथे नाग डसला.

बैलगाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेतलं देऊळघाट गाव मागे पडलं, पण बुलढाण्याचा रस्ता काही संपेना. "बोला ना, बोला ना," एवढंच मी म्हणत होते. दवाखान्याच्या फाटकाशीच तुम्ही प्राण सोडलात. मी काय करू शकत होते? सांगा ना!

दुसऱ्या दिवशी भाऊजींना हरीण सापडलं. त्याच्या मांडीतली गोळी मी मागून घेतली. हाडावर आपटून चपटी झालेली, एक टवका उडालेला. तोलून काय कळणार? दुसरं, न उडवलेलं काडतूस उघडलं. त्यातली गोळी अगदी बरोबर भरली. पण ती पहिली? ओतल्याचं आठवतं, शांतीचं रडणं आठवतं. तोलल्याचं आठवतच नाही. गोळी हलकी होती, की हरीण हललं, की तुमचा नेम चुकला? कोणाला विचारू?

तुम्ही तरी माझ्यावर एवढा भरवसा का टाकला? एकदा हातात घेऊन पाहायची होती!

भाऊजींना सांगितलं होतं, "ती गोळी माझ्या हातची होती." ते म्हणाले, "वयनी, असं मनात आनू नका." आणि आज त्याच हातांकडे काडतुसं मागतात. पण हरभरा गेला तर खायचं काय, हेही खरंच. दुपारी म्हटलं, "तुम्ही समोर बसून एकेक तोलून घ्या, तरच भरीन." ते बसले. ओतताना अर्धं शिसं राखेत सांडलं. चार गोळ्या झाल्या. चारही त्यांनी तोलल्या, मी काडतुसं भरून दिली, तरी मला खात्री वाटेना.

शांती विचारते, "बाबा काऊन गेले?" मी म्हणते, साप चावला. सात वर्षांच्या लेकराला आणखी काय सांगू? पण ती मोठी होईल तेव्हा मी तिला सगळं सांगीन. मला आठवत नाही, हेही सांगीन. मग ती जे म्हणेल, ते मान खाली न घालता ऐकून घेईन. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमचीच,
शांतीची आई