डाव्या बॅकची जागा

जळकोट,
बुधवार, ता. २९ नोव्हेंबर १९६१

दोस्त पाशामियाँ यांसी,

मार्तंडचा सलाम. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची, भाभींची आणि लेकरांची तब्येत बरी असेल अशी उमेद करतो.

हे 'तुमची' लिहिलं आणि हात अडला. सातव्या वर्षापासून तुला अरेतुरे करत आलो, आता शेहेचाळिसाव्या वर्षी अहोजाहो कुठून आणू? तेरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही, ती भरपाई आदर दाखवून करत होतो असं समज. तेव्हा तूच. उर्दूत लिहायचं मनात होतं, पण आपला जिल्हा आधी मुंबईत गेला, मग महाराष्ट्र झाला, शाळेचं सगळं दफ्तर मराठीत आलं आणि माझी उर्दू पार गंजली. तुला मराठी वाचता येतं. एकाच पंतोजींच्या छड्या खाल्ल्यात आपण.

गावात बदल बरेच झाले. निजामाच्या जकातीचा तो करोडगिरी नाका उठला, त्या जागी आता एस.टी. थांबते. सुट्टी शुक्रवारची रविवारी गेली, म्हणून मॅचही रविवारी. हैदराबादची गाडी मैदानाला लागूनच जाते. मी शाळेच्या दारात उभा राहून कोण उतरतं ते बघतो. रोज बघतो. पोरांना वाटतं, मास्तर घड्याळ लावतात.

टीम आहे. हे ऐकून तुला बरं वाटेल. गुडघे गेले तसं मी खेळणं सोडलं, पण मॅनेजर मीच. ब्लॅडरची पंक्चरं काढतो, चेंडूची वादी ओवतो, तेरखेड्याला आणि नळदुर्गाला पत्रं घालतो. थोरलीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी मागच्या दारानं मैदान गाठलं, दुसरा हाफ बाकी होता. तुझी वहिनी, प्रेमला, ते अजून काढते. काढू दे. आपण चार-दोन जणांनी नाक्याच्या शिपायांचे चेंडू उचलून देता देता जी टीम उभी केली, ती माझ्या हयातीत मोडणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता कामाचं. तू गेल्यापासून आपली टीम दहा जणांनी खेळते. डाव्या बॅकची जागा मी कुणाला दिली नाही. पाशाची जागा पाशाचीच, असं त्या वर्षी मी म्हणालो आणि तोच दंडक पडला. आसपासच्या गावांनी आपलं नाव 'रावण' ठेवलंय, दहा तोंडं म्हणून. सगळे आपल्या डाव्या अंगानंच येतात आणि गोल करून जातात. तेरखेड्याचे तर गोल झाला की घरच्या दारूचे फटाके उडवतात, त्यांना काय, गावात घरोघर फटाके बनतात, फुकटचा माल. तेरा वर्षांत आपण पाच मॅच जिंकलो. तरी गावात म्हणतात, दोस्ती असावी तर मार्तंड मास्तरांसारखी. मी मान खाली घालतो.

पण आता पोरं ऐकेनात. जमिलाबीचा नबीलाल, तुझा भाचा, एकोणीस वर्षांचा झालाय. तुझ्यासारखाच डावरा. येत्या रविवारी तेरखेड्याशी मॅच आहे. परवा कॅप्टन नागप्पा सगळ्यांना घेऊन घरी आला. म्हणाला, "मास्तर, नबीलालला आत घ्या. न्हायतर रविवारची मॅच शेवटची. आमी हालीबाल खेळू, तिथं सहाच लागत्यात." नबीलाल मागं उभा होता. तो म्हणाला, "तसं नगं. मामूला लिवा मास्तर. मामूची जागा हाय, त्येनला विचारा. पन येक सांगा, जागा रिकामी ठिवली म्हंजी मानूस परत येतो व्हय?"

 तर पाशा, तुझ्या भाच्याला तुझी जागा देऊ का? दोन ओळींचा होकार धाड.

बाकी सगळं ठीक. पाऊस यंदा बरा झाला, ज्वारी चांगली आहे.


शुक्रवार, ता. १ डिसेंबर

पत्र वर संपलं होतं. पाकिटात घालून पत्ता घ्यायला जमिलाबीकडं गेलो. ती शिलाईच्या मशीनवर बसली होती, तुझ्या अब्बांच्याच. हैदराबादेतल्या तुझ्या सायकलच्या दुकानाचा पत्ता तिनं सांगितला, मी लिहून घेतला. मग मान वर न करता तिनं विचारलं, "सदऱ्याचं लिवलं का, मास्तर?"

"कोणत्या सदऱ्याचं?" मी म्हणालो. बघ, अजून माझी जीभ तेच शिकलेली आहे.

"भाईजान जेलात व्हता तवा मी भेटाया गेल्ते. त्यानं समदं सांगितलं."

"मग तेरा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हनून गप ऱ्हायले. तुमाला जागा धरून बसल्यालं बघत व्हते. वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील." आणि मग मशीन थांबवून म्हणाली, "माझ्या पोराला नुस्ती जागा नगं. ती रिकामी कशापायी झाली त्ये बी त्येला कळू द्या."

पाकीट घेऊन परत आलो. दोन दिवस ते शाळेच्या पेटीत पडून होतं. आता लिहितो. लिहिल्याशिवाय हे पत्र तुझ्याकडं येणार नाही.

तुला सगळं माहीत आहे. तरी माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडं असावं. नाक्याच्या जमादारसाहेबांनी उरलेलं खाकी कापड दिलं, तुझ्या अब्बांनी त्याचे अकरा सदरे शिवले आणि जमिलाबीनं प्रत्येकाच्या खिशावर लाल दोऱ्यानं चेंडू भरला. कसले ऐटीत फिरायचो आपण! मी तर लग्नाला चाललो तरी आतून तोच घालायचो. पुढं रझाकारांनी खाकी घातली तेव्हा आपल्याला ते अंगावर घेणं नकोसं झालं, पण टाकवलं कुणालाच नाही.

मग भादव्यात फौज आली. ज्याच्या घरी खाकी सापडेल त्याला रझाकार म्हणून नेतात, अशी हूल उठली. त्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापले सदरे विहिरीत टाकले. माझा मी चुलीत घातला. प्रेमला भाकरी थापत होती, ती म्हणाली, अहो, पाशाभाऊजींनाही सांगून या. मी म्हणालो, सकाळी सांगतो. तुझे अब्बा जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांच्या हातचा सदरा तू टाकला असतास का, कोण जाणे. पण मी सांगायला आलोच नाही. बाहेर पडायची भीती वाटली.

सकाळी तुला चावडीत धरून आणलं होतं. सदरा टेबलावर. तू म्हणत होतास, साहेब, हा आमच्या फुटबॉलच्या टीमचा आहे, मास्तरांना विचारा. मला बोलावणं आलं. तो साहेब वाईट नव्हता, पाशा. त्यानं मला खुर्ची दिली. विचारलं, "मास्टरजी, ये आप की टीम का कपडा है? और किसी के पास है?" मी व्हय म्हणालो असतो तर तुला सोडलं असतं. मास्तरचा शब्द, त्यात बामणाचा. त्या दिवशी त्याला वजन होतं.

मी म्हणालो, "मालूम नहीं, साब. हमारी टीम का ऐसा कोई कपडा नहीं."

दाखवायला माझ्याकडं सदरा नव्हता. पण बोलायला तोंड होतं. पुढचं मला वाटत होतं ते असं, की व्हय म्हटलं तर विचारील, तुझा कुठं आहे, का जाळलास? एवढंच. एवढ्यासाठी.

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर मी आजवर निभावून नेलं असतं. पास दिल्यावर तू बघायचास, पुढच्यानं चेंडू घेतला की नाही म्हणून, तसं बघितलंस. मग खाली बघितलंस.

अकरा महिन्यांनी सुटलास तेव्हा तुझी गाडी इथं थांबली होती आणि तू उतरला नाहीस, हे जमिलाबीनं सांगितलं. त्या वेळी मी पलीकडं मैदानावर चुना टाकत होतो. मध्ये फक्त सडक होती रे. तुला नेलं तेव्हापासून जागा रिकामी ठेवली. जागा असली म्हणजे माणूस आज ना उद्या येणार, असं वाटत राहतं. तुझी फार आठवण येते, पाशा. रोज येते. ती सांगण्याचं तोंड नव्हतं म्हणून पत्र नव्हतं.

जमिलाबी म्हणाली ते बरोबर आहे. रविवारी मॅचच्या आधी पोरांना सांगणार. मग ते मला ठेवोत की काढोत.


सोमवार, ता. ४ डिसेंबर

सांगितलं. मैदानाच्या कडेला लिंबाखाली सगळ्यांना बसवलं. तेरखेड्याची मंडळी लॉरीतून उतरत होती. चावडी, सदरा, माझं उत्तर, सगळं. आवाज वर्गात शिकवतो तसाच निघाला, त्याचीच मला चीड आली.

 मग नागप्पा म्हणाला, "म्हंजी आमी आन आमच्या आदीची पोरं तेरा वर्सं दहा जनं पळालो, त्ये पाशाचाचापायी न्हाय, तुमच्या पापापायी?"

व्हय म्हणालो. या वेळी तोंडातून निघालं.

"लोकं आमाला रावन म्हनत्यात मास्तर. आमी म्हनायचो, म्हनू दे, दोस्तीसाठी हाय." एवढं बोलून तो उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शिक्षा मला हवी होती आणि ती मी दुसऱ्यांच्या पायांनी भोगली, हे मला त्याच्याकडून कळायचं होतं. मी शिकलेला माणूस!

नबीलाल उठला. चपला काढल्या, माझ्या शेजारून गेला आणि डाव्या बॅकच्या जागेवर जाऊन उभा राहिला. तुझा होकार यायचा होता, पण त्याला मी थांबवणारा कोण? तूही थांबवलं नसतंस.

मी टीमच्या बाजूला बसलो नाही. सडक ओलांडून एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो आणि तिथून मोजले. अकरा. परत मोजले. तेरा वर्षांनी आपली टीम पुरी बघितली आणि मला रडू आवरेना. थांब्यावरची एक बाई म्हणाली, मास्तर, गाडी चुकली का?

आपण हरलो. दोनास एक. अकरा जणांनीही हरलो, त्याला काय करणार? फटाके उडाले. पण डाव्या अंगानं एकही गोल झाला नाही, हे मात्र लिहून ठेव. नबीलाल तिरका घसरून चेंडू काढतो, हुबेहूब तू. त्याला कुणी शिकवलं? तू गेलास तेव्हा तो सहा वर्षांचा, तुझा खेळ त्याला काय आठवणार?

सगळे पांगल्यावर नागप्पा चेंडू घेऊन सडकेपलीकडं आला. माझ्या हातात दिला. "पंक्चर हाय. पुढल्या रविवारपातूर काढा," म्हणाला आणि गेला. नबीलाल माझ्याशी बोललेला नाही. बोलला नाही तर तो त्याचा हक्क आहे. चेंडू मी दुरुस्त करून ठेवलाय. मला एवढं मिळालं तेही माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे.

माफी मागत नाही. ती द्यावी की नाही याचं ओझं तुझ्यावर कशाला? परत ये म्हणण्याचाही मला अधिकार नाही. तुझी जागा आता राखलेली नाही. तरी ये. एकदा ये. माझ्या घरी नको उतरूस, बहिणीकडं उतर, भाच्याचा खेळ बघ. मी सडकेच्या थांब्याकडच्या बाजूला उभा राहीन.

उत्तर नाही धाडलंस तरी चालेल. उत्तर मीच देणं लागतो, ते खाली लिहितो.

होय साहेब, हा सदरा आमच्या टीमचा आहे. असाच माझाही होता. काल रात्री भिऊन मी तो जाळला. पाशामियाँ आमचा डावा बॅक आहे. त्याला सोडा, आणि नेणारच असाल तर मलाही न्या.

मार्तंड विष्णुपंत जळकोटकर
जळकोट टीम