क्रूसाच्या पायरीवरचा गुरुवार

लिटल मॅरोबी,
५ जून १९३१

चि. ओस्विनला हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लंडनच्या धुराने तुझा खोकला वाढला असेलच. आता इथलं ऐकून ठसकाही लागेल. आपल्या बाजारातल्या दगडी क्रूसाला कुंपण घालताहेत! उंच, लोखंडी, वर भाले. गारा-पावसात सहाशे वर्षं उभा राहिलेला क्रूस म्हणे माझ्या लोण्याच्या टोपलीने झिजतोय. हा शोध कर्नल फिंचमांचा.

आता बाजार म्हणजे काय, तर मी एकटीच. पण एक गुरुवार जरी पायरीवर विक्री झाली नाही, तर गावाचा बाजारहक्क बुडतो आणि समोरचं कुरण कर्नलच्या हवेलीला जातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांना तिथे मोटारी ठेवायच्यात. आणि क्रूस-रक्षण समितीचे अध्यक्ष कोण, तर तेच! येत्या गुरुवारी उद्घाटन. फाटकाला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. माझ्या गाईने चरायचं कुठे रे? फार रडू येतं.

तुझी ताई

लंडन,
८ जून १९३१

ती. हेस्टरताईस ओस्विनचा शि. सा. न. वि. वि.

तळपायाची आग मस्तकात गेली. इथल्या वकिलाला गाठलं. तो म्हणतो, विक्री पायरीवरच हवी, कुंपणाबाहेरून चालायची नाही. विकणारा कुणीही असो, माल कुठलाही असो. आता याचा आपल्याला काय उपयोग! तू मात्र भाल्यांवरून चढायला जाऊ नकोस. तुझे गुडघे मला माहीत आहेत.

लोभ असावा, रागही असू दे.

तुझा ओस्विन

लिटल मॅरोबी,
१२ जून १९३१

चि. ओस्विनला अनेक आशीर्वाद.

अरे, वाचलो! काल माझी टोपली फाटकाबाहेरच ठेवायला लावली. पाद्रीबाबा बोलले, कर्नल बोलले, बोलतच राहिले. मी रुमालात तोंड खुपसून बसले होते. शेवटी उठल्या कर्नलीणबाई. आपल्याकडे केक विकल्याशिवाय साध्या नळाचंही उद्घाटन होत नाही, हे कर्नल विसरले कसे! टेबल आलं नव्हतं, म्हणून बाईंनी केकचं ताट सरळ क्रूसाच्या पायरीवर मांडलं.

तुझा वकील आठवला. सगळ्यांना ढकलत गेले, पहिला केक मीच विकत घेतला आणि विक्री झाली ना, असं पाद्रीबाबांना मोठ्याने विचारलं. ते म्हणाले, झाली की! कर्नल पांढरेफटक. धावत येऊन बाईंना आवरा म्हणाले, तर बाईंनी त्यांच्याच गळ्यात दोन केक मारले.

बाईंना आता विक्रीची अशी गोडी लागलीय की दर गुरुवारी बसणार म्हणतात. किल्लीही त्यांनीच काढून घेतली. लोणी माझ्याकडून घेणार आहेत. केक दगडासारखा होता रे, पण मी कणन्‌कण खाल्ला.

माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई