शेगडी डावीकडून उजवीकडे

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ११
रिटायर होऊन सहा दिवस. पेपर दोनदा वाचला. वाडीतल्या नारळांना एक चक्कर मारली. नंतर स्वयंपाकघरात तासभर निरीक्षण.
परिस्थिती गंभीर आहे. मीठ एका टोकाला, गॅस दुसऱ्या टोकाला. पोहे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, साखर पितळी डब्यात, हळद एका चेपलेल्या डबीत. कशावर काही लिहिलेलं नाही. बोईसरच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. असा स्टॉक माझ्याकडे दिसला असता तर साहेबांनी मला तिथेच झापलं असतं.
चंद्रकांता या गोंधळात रोज चार तास उभी असते. बिचारी. तिच्यासाठी कोणीतरी काहीतरी करायला हवं. मी करणार.

८ जानेवारी, बुधवार
प्लॅन तयार. मापासकट. चंद्राला दाखवला. तिने कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, तिरका केला, परत दिला. म्हणाली, छान आहे, पण माझं जिथलं तिथं असू द्या.
बदलाला सुरुवातीला विरोध होतोच. फॅक्टरीत ट्रेनिंगला मी स्वतः हे शिकवायचो.
संध्याकाळी पालघरहून मुलीचा फोन. रूपल म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का? विचारलं, म्हटलं. आई काय म्हणाली? नको म्हणाली. मग? मग काय, विचारलं की नाही, हा प्रश्न होता. विचारलं.

१३ जानेवारी, सोमवार
चंद्राचं डोकं उघड्या कपाटाच्या दारावर आपटलं. कपाळाला टेंगूळ. दार तिच्या उजव्या बाजूला चांगलं हातभर उघडं होतं. लक्ष नसतं. मांडणी चुकीची असली की माणसाचं लक्ष उडतं. हा माझ्या प्लॅनचा पुरावाच आहे. वहीत नोंद केली.

१८ जानेवारी, शनिवार. दुपारी ४
चंद्रा हळदीकुंकवाला दोन दिवस माहेरी, चिंचणीला. संधी साधली.
चोवीस पारदर्शक बरण्या, सगळ्या एका मापाच्या. प्रत्येकीवर छापील लेबल. जुने डबे भंगारवाल्याला दिले, ब्याद गेली. शेगडी डावीकडून उजवीकडे, खिडकीच्या उजेडात. सिलिंडरची नळी नवीन, लांब. सुऱ्या भिंतीवर, चुंबकाच्या पट्टीला.
कंबर धरली आहे. पण समाधान!

२० जानेवारी, सोमवार
आली. स्वयंपाकघराच्या दारात पाच मिनिटं नुसती उभी राहिली. भारावली.
मग ओट्यापाशी जाऊन सगळ्या बरण्यांवरून हात फिरवला. एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. मी म्हटलं, प्लास्टिक एक नंबर आहे. तिने विचारलं, माझे डबे कुठे आहेत? सांगितलं. ती खाली बसली. प्रवासाचा शीण असणार.

२२ जानेवारी, बुधवार
चहात मीठ.
लेबलवर ‘मीठ’ असं मी स्वतः टाइप केलं आहे. शांतपणे तसं सांगितलं. म्हणाली, चुकून झालं. चुकून होऊ नये म्हणूनच तर लेबल आहे!

२४ जानेवारी, शुक्रवार
काल कढीत बेसनाऐवजी मैदा. आज ती प्रत्येक बरणीचं झाकण उघडून वास घेते आहे. ही पद्धत स्टोअरमध्ये चालली नसती. लेबलांची अक्षरं दुप्पट मोठी केली, प्लास्टिकमध्ये सील केली. ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. बरण्या पुढ्यात आणि नजर समोर भिंतीवर. हा सरळ सरळ असहकार आहे.
स्वयंपाकाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. ट्रांझिशन पिरियड. दोन आठवडे धरून चालायला हवेत.

२५ जानेवारी, शनिवार
मुरबे गावची हिरा कोळीण मासे घेऊन आली. चंद्रा अंगणात बसून एकेका बोंबलावर बोट दाबून निवडत होती. ती पाणी आणायला आत गेली तेव्हा हिरा हळूच मला म्हणाली, ‘दादा, बाय म्हावरं हातानंच बगते. दोन वर्सं झाली. तुमाला म्हायत नाय?’
मी म्हटलं, माहीत आहे, अनुभव आहे तिला. हिरा माझ्याकडे बघत राहिली. मग टोपली उचलून गेली, पैसेसुद्धा मोजले नाहीत.
या बायका एकमेकींचं फार कौतुक करतात.

२८ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३
चंद्राचा हात भाजला. उजवा तळवा.
मी भाकरी उतरवून ठेव म्हटलं. तिने तवा खाली घेतला आणि वळताना ओट्यावर हात टेकला. जिथे टेकला तिथे आता शेगडी आहे. लोखंडी जाळीवर पूर्ण पंजा. ओरडली नाही. फक्त ‘अगं आई’ म्हणाली, अगदी हळू. मी पेपर वाचत होतो, ती दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मला कळलं.
गावातल्या डॉक्टरांनी पट्टी केली. मी त्यांना समजावून सांगितलं की शेगडी हलवून दहा दिवस झाले आहेत आणि ती खिडकीखाली स्वच्छ दिसते. ते म्हणाले, कुणाला?
त्यांचा बोलण्याचा ढंगच तिरकस आहे. माझी चूक कुठेही नाही. शेगडीच्या कडेला लाल पट्टीसुद्धा लावली होती.

२९ जानेवारी, बुधवार
रूपल सुट्टी टाकून आली. आईच्या समोर बसली. आपला हात तिच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणत विचारत होती, दिसतो? नाही. आता? नाही. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा चंद्रा म्हणाली, हं.
मला वाटलं, खेळ चालला आहे.
रूपल उठून बाहेर गेली. मी मागे गेलो. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं की शुक्रवारची अपॉइंटमेंट घेते आहे आणि तोपर्यंत कशालाही हात लावू नका. मी म्हटलं, बरणीवरचा फॉन्ट बदलायचा राहिला आहे. तिने जे उत्तर दिलं ते लिहीत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार
पालघर. डोळ्यांचे डॉक्टर. चंद्राला एका मशीनमध्ये डोकं घालून बसवलं. बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. डाव्या हाताने दाबत होती. मी शेजारी होतो. एका दिव्यामागून दुसरा लागतो हे मला माहीत होतं, म्हणून बटणाच्या आवाजाची वाट बघत होतो. फार वेळ आवाज येत नव्हता. मग एकदा. मग पुन्हा बराच वेळ नाही.
काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूची नजर गेली आहे, मधली उरली आहे, तीही धूसर. गेलं ते परत येत नाही. उरलं ते थेंबांनी टिकवायचं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही? मी सांगितलं की मी शिफ्टमध्ये होतो. तेहतीस वर्षं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.
येताना रिक्षात चंद्रा आपणहून बोलली. ‘तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला ओट्यापाशी उभं राहू दिलं नसतं. तिथं मला सगळं दिसत होतं हो. डबा हातात आला की कळायचं.’
म्हणण्यासारखं बरंच होतं, पण पालघर-माहीम रस्ता खराब आहे, रिक्षा फार आदळते.

१ फेब्रुवारी, शनिवार
निर्णय: सगळं पूर्ववत करणार. आज संध्याकाळपर्यंत. सोपं आहे.
सकाळी भंगारवाल्याकडे गेलो. डबे बोईसरला गेले, तिथून पुढे कुठे ते त्याला माहीत नाही.
हरकत नाही, डबे नवीन आणू, वेगवेगळ्या आकाराचे. जागा महत्त्वाची. कागद घेऊन बसलो. शेगडी डावीकडे. हे नक्की. मीठ शेगडीपासून लांब. हेही. मग हळद?
हळद कुठे होती?
नव्या मांडणीचा नकाशा आहे. जुन्या मांडणीचा काढलाच नव्हता. लग्नाला चौतीस वर्षं झाली, याच स्वयंपाकघरातलं रोज जेवतो. तांदूळ कुठे असायचे, डाळ कुठे, चहाची पूड वर की खाली, काही आठवत नाही. चोवीसपैकी एक.
चंद्राला विचारलं. म्हणाली, ‘असं सांगता नाही यायचं. हाताला ठाऊक होतं.’
हाताला पट्टी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
शेगडी डावीकडे लावून घेतली. बाकी सगळं नव्या डब्यांत, जमिनीवर.
चंद्रा सकाळपासून ओट्यापाशी उभी आहे. डावा हात वर नेते, थांबते, खाली आणते, थोडा बाजूला नेते. मग म्हणते, तूरडाळ द्या. मी देतो. ती ठेवते. दोनदा मी म्हटलं, अजून जरा उजवीकडे बरं दिसेल. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी जिथे असेन असं तिला वाटलं तिथे पाहिलं. मी एक पाऊल सरकून तिथे उभा राहिलो.
दुपारपर्यंत सात वस्तू लागल्या. उरलेल्या अंदाजाने देऊ का, विचारलं. नको म्हणाली. मग मी काय करू?
म्हणाली, जेवायच्या टेबलापाशी खुर्ची घ्या आणि बसा.
थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि ती खुर्ची आता हलवू नका हां.’
बसलो आहे.