गुऱ्हाळाच्या चिमणीवरून डावीकडे

आप्पा, गुऱ्हाळाची चिमणी पाडली. हायवेच्या फाट्यावर पंक्चर काढत बसायचात तेव्हा यवतहून येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तिच्यावरूनच रस्ता सांगायचात, आणि मी शाळेत जायच्या आधीच मला शेजारी बसवून तसंच सांगायला शिकवलंत. एकदा एका टेंपोवाल्याला मी म्हटलं, काळी म्हैस बांधलीय तिथून वळा. तुम्ही हातातला टायर खाली ठेवून हसलात. "म्हैस चरायला गेली तर ह्ये मामा सोलापूरला जात्याल व्हय? हलती खूण सांगायची न्हाई. आन् चुकल्यावर काय दिसंल तेबी सांगायचं, म्हंजी माणूस माघारी वळतो." टेंपोवाले मामाही हसले. मी मात्र ते पाठच केलं. अजूनही कुणाला घर सांगायचं तर आधी मनात घोकून बघते.

आता तो रस्ता मला आठवड्यातून दोनदा सांगावा लागतो. आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिसला न्यायला गाडी येते आणि ड्रायव्हर दर वेळी नवा असतो. मोबाइलवरून लोकेशन पाठवलं तर ते त्याला कालव्याच्या पलीकडे नेऊन सोडतं. तिथून आपलं घर दिसतं, पण यायला पूल नाही. म्हणून मी फोनवर सांगते. तुम्ही वारल्यावर रस्ता रुंद केला, तेव्हा न हलणाऱ्या खुणाच आधी गेल्या. चिमणी गेली, वडाचा पार गेला, तुमचं दुकानही गेलं. मोबाइलचे टॉवर तेवढे आहेत, आणि ते सगळे सारखेच दिसतात.

परवा सकाळी आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नगं बोलवू गाडी. दमले मी." यात आता सुधारणा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तिलाही ते कळलंय. मी "अगं, असं बोलू नये" एवढंच म्हणाले. त्यापुढे काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मग बाहेर ओट्यावर जाऊन गाडीला फोन केला. थोड्या वेळानं ड्रायव्हरचा फोन आला.

"ताई, ढाबा मागं गेला. आता?"

"पुढं निळ्या पत्र्याचा गोठा लागेल, तिथून डाव्या हाताला वळा. कालवा दिसला तर तुम्ही चुकलात."

आत येऊन आईच्या अंगावर शाल घालत होते, तोवर त्याचा पुन्हा फोन. मी स्पीकरवर घेतला.

"ताई, म्होरं कालवाच हाय. पेशंटला घाई न्हाई ना?"

आईनं ते ऐकलं. "न्हाई म्हनून सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं, घाई आहे, माघारी वळा. गाडी आली. आई उठली, माझ्या खांद्याला धरून गाडीत बसली आणि संध्याकाळी हाताला पट्टी बांधून परत आली. तेव्हापासून ती माझ्याशी फारसं बोललेली नाही. उद्या पुन्हा जायचंय.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. तो कालवा म्हणाला तेव्हा, आज गाडी नाहीच आली तर, असं वाटून माझ्या छातीवरचं काहीतरी सैल झालं होतं. मी रस्ता नीट सांगितला, आप्पा. फक्त लगेच नाही सांगितला.