बाह्या राहिलेला स्वेटर

सोलापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंना,
दिपालीचा नमस्कार.

मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? लोकरीच्या लड्या पोचल्या. या खेपेला सूत बारीक आलंय, कुसळंही कमी निघाली. कोमट पाण्यात धुतलं तेव्हा खोलीभर मेंढरांचा वास सुटला. घरमालकीण राहतभाभी दारातूनच हसल्या, "दिपाली, घरात मेंढा पाळला क्या?"

टॉवेलच्या कारखान्यातून शिलाई उरकून आले की विणायला बसते. पुण्याच्या दुकानाला टोप्या आवडल्या. ते म्हणतात, रंग देऊच नका, मेंढरांच्या अंगावरचा काळा-तपकिरी आहे तसाच राहू दे. हाताने कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक, म्हणून टाके सैल घ्यावे लागतात. तुम्ही कुठे पीळ जास्त दिलाय ते बोटांना कळतं.

एक स्वेटर मात्र दुकानाचा नाही. पाठ झाली, छाती झाली, बाह्या राहिल्यात. तुम्हाला न सांगता तुमच्या सुताने पुढे विणवेना.

आमच्या कारखान्यात जोतिराम म्हणून फिटर आहेत. त्यांची बायको आजारपणात गेली. त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलंय.

हे फोनवरच सांगणार होते. तुम्ही "जेवलीस का गं?" म्हणालात आणि मी टोप्यांचंच बोलत राहिले.

कुमार जाऊन चार वर्षं झाली. तुमच्या मुलाला मी विसरले असं समजू नका. पण कामावरून येऊन कुलूप काढताना, आत कुणीतरी असावं असं वाटतं.

बाळासोभाऊजींना राग येईल. लोकर बंद झाली तर मी समजून घेईन. तुमचं बोलणं बंद झालं तर कसं करू, ते मला माहीत नाही.

तुमची,
दिपाली


मैंदर्गी,
२४ नोव्हेंबर

दिपाली,

पत्र शेजारच्या अंबुबाईनं वाचून दावलं. तीच हे लिवतीय. गुडघा हाय तसाच हाय.

त्या दिशी मी जेवले न्हाय. राग आला, खोटं कशाला बोलू? टकळीला हातबी लावला न्हाय. तू गेलीस की कुमार परत एकदा जाईल, असं वाटलं.

मग बाळासो म्हणला, "मेंढरं आमची. आता तिला लोकर कशापायी?"

मी म्हणलं, "मेंढरं तुझी हायती की. पर सूत मी कातते. कुणाला धाडायचं ते मी बघीन."

तो उठून गेला. अजून बोलत न्हाय. बोलंल.

लग्नाला मी यायची न्हाय. मला बघवायचं न्हाय, त्यात राग धरू नगंस. पर झाल्यावर जोतिरामला घिऊन हितं ये, दोन दिस ऱ्हावा. आन् बाह्या जरा लांब धर. ही लोकर धुतल्यावर लई आकसती.

तुझी आई,
गोजाबाई

(अंबुबाईनं 'सासू' लिवलं व्हतं. मी खोडाय लावलं.)