फ्रीजरची पिन

११ ऑक्टोबर, शुक्र. खंडेनवमी
लॅबमधली यंत्रपूजा आटोपली. यंदा सजावट माझ्याकडे. सगळी यंत्रं पुसली, हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. दिव्यांच्या माळेला बोर्डावर जागा नव्हती, ती केली. उणे ऐंशीच्या फ्रीजरला सगळ्यात मोठा हार, कारण माझे जिवाणू त्यात. पाचोडच्या शेतांतली माती उकरून मिळवलेले, कपाशीवरचं फवारणीचं औषध खाऊन टाकणारे. दोन वर्षं त्यातच गेली. २५ला समिती. त्यांना काम पटलं तर फेलोशिप पुढे चालू, नाहीतर पीएचडी सोडून गंगापूरला घरी, आणि ताटकळलेली स्थळं. पेढा तोंडात टाकून पळतच एसटी गाठली.

१४, सोम.
फ्रीजर बंद. आत पाणी, घाण वास. अलार्म वाजला असणार, सुट्टीत ऐकतंय कोण. पिन खाली लोंबत होती. बघितली आणि आठवलं. दिव्यांची माळ लावायला ती मीच काढली होती.
सर, म्हणजे माझे गाइड, ओरडत आले. "शुक्रवारी शेवटी कुलूप कुणी लावलं?"
काळेमामांनी. आमचे अटेंडंट, कंत्राटावरचे. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी बोलणार होते. खरंच बोलणार

१७, गुरु.
नळ्यांतलं उरलंसुरलं वाढवून पाहिलं. प्लेटांवर नुसती बुरशी. तरी दर तासाला उघडून बघते, वेडी.
सर : "चूक तुझी नाही म्हटल्यावर समितीकडे सहा महिने वाढवून मागता येतील. अटेंडंटकडून लेखी घेऊ." आणि जाता जाता, "तसाही एजन्सीवाले तो माणूस बदलतायत."
तसाही. या एका शब्दावर आज पोटभर जेवले.

२१, सोम.
सगळं सांगायचं ठरवून मामांकडे गेले. तर तेच आधी म्हणाले, "ताई, म्याच काढली असंल पिन. दिवे बंद करताना. वय झालं, आता धेनात ऱ्हात नाय."
"मामा, असं नका म्हणू."
"व्हय की वो. तुमची दोन वर्षं गेली माझ्यापायी. लई वाईट वाटतं."
डोळे पुसले त्यांनी. मी "चहा घेता का" म्हणाले. एवढंच सुचलं. शी.
संध्याकाळी आईचा फोन. "फेलोशिप हाय तवर इथं कुणी काय बोलत नाय बघ."

२३, बुध.
मामा कोरा कागद घेऊन आले. "माफीचा अर्ज तेवढा लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय. सर म्हनले, लिहून दिलं तर कामावर ठिवतील."
सर असं म्हणाले? मला तर वेगळंच सांगितलं. मी कागद घेतला. मामा म्हणाले, "देव तुमचं भलं करो."

२४, गुरु.
अर्ज लिहून झाला. 'दि. ११ रोजी फ्रीजरची पिन माझ्या हातून काढली गेली व परत लावायची राहिली. या नुकसानीस सर्वस्वी मी जबाबदार आहे.' तीनदा वाचला. एक शब्द खोटा नाही.
उद्या दहाला मामा सही करायला येणार. अकराला समिती.
खाली नाव अजून लिहिलेलं नाही.